इंदुमतीबाईंची हरळी

परवा सकाळी सचिनचा फोन आला. सचिन हा इंदुमतीबाईंच्या भावाचा मुलगा. बाई पौषात गेल्या आणि आमच्या शेजारचे त्यांचे घर आता त्याच्याकडे आले आहे. इकडचे तिकडचे काही न विचारता तो म्हणाला, "सर, आत्याच्या अंगणातलं ते गवत सगळं वाळून पडलंय. आता थंडी गेली, खालून हिरवं फुटायलंय. कापायला कधी घ्यावं? तुम्हाला म्हाईत असंल."

मला माहीत होते. सीमाभागातल्या भालकीच्या आमच्या वसाहतीत ते माहीत नसलेला माणूस शोधावा लागेल. तरीही मी "विचारून सांगतो" असे म्हणालो. कुणाला विचारणार, हे त्याने विचारले नाही.

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी भिंतीपलीकडच्या त्या पिवळ्या तुकड्याकडे पाहत बसलो. बाईंच्या शोकसभेत शाळेतल्या चौघांनी भाषणे केली. चौघांनीही "बाई कडक होत्या, पण मनाने चांगल्या होत्या" असे सांगितले. मलाही दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. मला ते जमले नाही. सभेत उभे राहून बोलणे मला कधीच जमलेले नाही, हे एक कारण. दुसरे कारण असे की वाक्याचा पूर्वार्ध मला मान्य होता आणि उत्तरार्धाचा पुरावा इतक्या वर्षांच्या शेजारात मला सापडला नव्हता. बाई मला आवडत नसत. मी त्यांना आवडत नव्हतोच, पण त्यात माझा काही विशेष मान नव्हता. त्यांना कुणीच आवडत नसे.

आम्ही एका शाळेत शिकवत होतो. त्या विज्ञान आणि मी मराठी. ठेंगणी, रुंद हाडाची बाई. नेसणे घट्ट, चालणे जड. रस्त्याच्या मधोमध चालत. उदगीरला जाणारी बस मागून कर्णा वाजवी, तरी त्या आपल्या वेळेने बाजूला होत. "बाई, कडेने चाला," असे एका वाहकाने खिडकीतून डोके काढून सांगितले, तेव्हा त्या थांबल्या, बसच थांबवली, आणि विचारले, "कडेनं चालायचं, हे कुनी ठरवलं?" हा प्रश्न त्यांच्या तोंडी दिवसातून अनेकदा असे. वर्गात त्यांची मराठी पुस्तकी आणि स्वच्छ होती. कचेरीत कन्नड अशी तोडून बोलत की कारकून उभे राहत. बाजारात भाजीवालीशी दखनी. रागासाठी मात्र त्यांनी संतपूरची, म्हणजे आपल्या गावाची, बोली राखून ठेवली होती. त्यामुळे ती आम्हाला रोज ऐकायला मिळे.

एकदा शाळेत शिक्षणखात्याचे कुणी पाहुणे यायचे होते. मुख्याध्यापक शिक्षकखोलीत येऊन म्हणाले, "इंदुमतीबाई, पाहुण्यांना तुम्ही ओवाळा. तुम्ही ज्येष्ठ आहात."

"कुनी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? प्रथा आहे."

"मग प्रथेला बोलवा. ती ओवाळील."

पुरुष शिक्षक वहीत तोंड घालून हसले. मुख्याध्यापकांची ही फजिती पाहून नव्याने लागलेली एक तरुण शिक्षिका चटकन उठली आणि म्हणाली, "सर, मी ओवाळते." तिला मुख्याध्यापकांना वाचवायचे होते, कदाचित बाईंनाही. बाईंनी तिच्याकडे वळून सर्वांदेखत सांगितले, "तू ओवाळतच राहा, माय. तुला तेवढंच येतंय." ती मुलगी त्या दिवशी डबा न खाता घरी गेली. शोकसभेत पहिला प्रसंग दोघांनी सांगितला आणि टाळ्या मिळवल्या. दुसरा कुणी सांगितला नाही.

त्यांचे लग्न झाले होते आणि दोन-तीन वर्षांत त्या सासरहून परत आल्या होत्या, एवढे सर्वांना ठाऊक होते. पुढचे विचारण्याची छाती कुणाची झाली नाही. माहेरी राहून, शेतात राबून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पुढे उदगीर रस्त्याकडच्या आमच्या वसाहतीत त्यांनी जागा घेऊन घर बांधले. त्यांची आणि आमची भिंत एक. आम्ही राहायला आलो त्या होळीला माझ्या पत्नीने शेजारधर्म म्हणून पुरणपोळ्यांचे ताट धाडले. ताट संध्याकाळी परत आले. घासून, पुसून, रिकामे. आमच्याकडे शेजारचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. ताट देताना बाई म्हणाल्या, "पोळ्या भिकाऱ्याला दिल्या. आमच्याकडं असली देवानघेवान नसती." त्या दिवसापासून माझ्या पत्नीने त्यांचे नाव घेतले नाही. आमच्या घरात त्या "पलीकडची" होत्या.

आता त्या गवताविषयी.

वसाहतीत ज्याने त्याने अंगणात आपापल्या हौसेचे लावले होते: आंबा, चिकू, कढीपत्ता, जास्वंद. बाईंनी हरळी लावली. शहरातल्या वाचकाला यात वावगे काही दिसणार नाही. लॉन म्हणून लोक जे लावतात ते हेच गवत, आणि गणपतीला वाहतात त्या दूर्वाही ह्याच. पण आमच्याकडच्या काळ्या जमिनीत हरळी म्हणजे शत्रू. एकदा वावरात शिरली की हातभर खोल जाते. नांगराने तुटली तर तुटलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवी उगवते. म्हणून नांगरामागून बायकापोरे टोपल्या घेऊन चालतात आणि तिच्या पांढऱ्या मुळ्या वेचतात. त्या बांधावर वाळवून जाळाव्या लागतात, नाहीतर बांधही धरतात. हरळी मातलेल्या घरात मुलगी देताना माणसे विचार करीत. आणि अशा संतपूरच्या शेतकऱ्याची लेक विकतच्या पाण्याचा टँकर मागवून हरळी भिजवीत होती.

बाजारच्या दिवशी एक म्हातारा शेतकरी पत्ता विचारायला त्यांच्या फाटकाशी थांबला. पत्ता राहिला बाजूला. तो फाटकाला धरून घाबऱ्याघाबऱ्या म्हणाला, "बाई, हरळी लागली की ओ तुमच्या अंगनात! औषध मारा बिगीनं, न्हाई तर घरात शिरंल."

बाई नळी धरून पाणी घालत होत्या. "शिरू द्या. तुमच्या घरात शिरली न्हाई ना?"

म्हाताऱ्याने त्यांच्या हातातली नळी पाहिली. "पानी घालायलाव? हरळीला?"

"व्हय. खत बी घालते. बघायचं हाय?"

त्याने दोन्ही कानांना हात लावले आणि मागे न पाहता गेला. मात्र त्याने ही वार्ता बाजारात पोचवली असावी. त्यानंतर कित्येक बाजारच्या दिवशी माणसे वाट वाकडी करून येत, फाटकाबाहेर उभी राहत, एकमेकांना कोपराने ढोसत आणि जात. वसाहतीतल्या बायका भाद्रपदात दूर्वा मागायला आल्या तर बाई फाटक उघडत नसत. "देवाला पाहिजे असंल तर देव यील," असे आतूनच सांगत.

त्या गवताचा एक नियम होता. येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या, सुमारास ते शेवटचे कापायचे. मग थंडीत ते पिवळे पडत जाई, चटईसारखे वाळे, आणि तसेच राहू द्यायचे. माघ सरू लागला की दुपारी अंगाला ऊन लागे. पिवळ्याखालून बारीक हिरवी टोके दिसू लागत. समोरच्या घरातले निवृत्त अभियंते तेव्हा दर वर्षी फाटकाशी येत. त्यांच्या मोबाइलमध्ये लॉनविषयी पुष्कळ माहिती होती. हिरवे दिसू लागले की जुने वाळलेले लगेच खालपर्यंत कापून काढावे, म्हणजे जमिनीला ऊन मिळते आणि गवत जोरात येते, असे ते अत्यंत सभ्यपणे सांगत. बाई ऐकून घेत आणि म्हणत, "पाडव्याला."

"पण बाई, ह्या वर्षी थंडी लवकर गेली."

"गेली तर गेली. मी बोलावलं न्हवतं, मी घालवलं न्हाई. गवत पाडव्याला."

पाडवाच का, हे त्यांनी कधी सांगितले नाही. शेतावरच्या गड्यांचे साल पाडव्यापासून धरतात, नवे काम पाडव्याला धरतात, त्यातले काही असेल. पाडव्याला सकाळी त्या जुने पातळ खोचून, शाळेतल्या कवायतीचे कापडी बूट घालून, विजेवर चालणारे गवत कापायचे मशीन बाहेर काढीत आणि भिंतीवरून हाक मारीत, "ओ सर! वायर धरा." मशीनची लांब वायर पात्याखाली येऊ नये म्हणून ती उचलून धरीत मागे मागे फिरायचे, एवढेच माझे काम. "ढिली सोडा. ओढायलाव कामून? म्हैस हाय का ती?" असे मला वर्षाच्या पहिल्या दिवशी ऐकून घ्यावे लागे. पत्नी विचारी, तुम्ही जाता कशाला? मला हाक मारणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे तिला लग्नापासून माहीत होते. पहिली फेरी उंच पात्याने, दुसरी त्याहून खाली, तिसरी अगदी बेताची. मधे कुणी बोलायचे नाही. काम झाले की त्या मशीन पुसून ठेवीत आणि मला "जावा" म्हणत. चहा विचारल्याचे मला आठवत नाही. पण बूट काढून त्या कापलेल्या गवतावर अनवाणी उभ्या राहत, तेव्हा त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल होई, हे मी पाहिले आहे. ती आठी पुन्हा घट्ट होण्याआधी मी निघत असे.

गेल्या वर्षी माघाच्या आधी त्यांचा भाऊ माधवराव संतपूरहून आला. हा त्यांच्यापेक्षा लहान. शेती, सोयाबीन-तुरीचा व्यापार, कडक इस्त्रीचा सदरा. बाई आतल्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्याला त्यांनी बाहेर खुर्ची दिली होती. मी गच्चीवर वाचत होतो. त्यांचे बोलणे ऐकू येऊ नये अशी व्यवस्था आमच्या भिंतीत नाही.

"अक्का, सच्याचा साखरपुडा तुझ्या हितं करावं म्हनायलाव."

"कामून?"

"लातूरचे पाहुने हायेत. शिकलेले. पोरगी ब्यांकेत हाय. त्येंला संतपूरला कुठं बसवू? तुझं लॉन हाय, फोटू चांगले येतेत. तेवढं गवत कापून घेतो आन मांडव ठोकतो."

"पाडव्याला कापते मी."

"साखरपुडा माघात हाय, अक्का."

"मग पाडव्याला कर साखरपुडा."

"गवतापायी मुहूर्त हलवू व्हय?" माधवराव हसला. "मुहूर्त ठरला."

"मुहूर्त कुनी ठरवलं?"

"गुरुजीनं."

"गवताचं मी ठरवते."

 मग माधवरावाचा आवाज चढला. "गवत गवत काय लावलीस गं? हरळी हाय ती! आप्पा जलमभर हरळी खनत मेला, आन तू तिला पानी घालायलीस. लोक हसायलेत आमाला. बाजारात तोंड दावू देईनात."

"आप्पा खनत न्हवता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र खाली आला होता. ते मला अधिक भीतिदायक वाटले. "आप्पा नांगर धरायचा. मागून येचायचं कोन?"

माधवराव सदऱ्याची बाही नीट करू लागला.

"सांग की. कोन येचायचं? तू कुठं होतास?"

"मी शाळंत होतो."

"व्हय. तू शाळंत. मी नांगराच्या तासामागं. सासरहून आल्यावर बी तासामागंच. नखं उरली न्हवती बोटाला. आन जिमीन वाटायची येळ आली तवा म्हनलास, अक्का, हक्कसोडावर सही कर, बहिनी करतेतच. केले. एक लुगडं दिलास, ते बी हिरवं. मला हिरवं आवडत न्हाई हे बी तुला ठावं न्हवतं." त्या उठल्याचा आवाज आला. "ह्या सगळ्या जगात एवढ्या तुकड्यात माझं चालतंय, माधव्या. हितं कवा कापायचं ते मी ठरवनार. साखरपुडा तुझ्या वावरात घाल जा."

दार आतून लागले. माधवराव बंद दारापुढे काही वेळ बसून राहिला, मग खुर्ची उचलून पायरीला टेकवून ठेवून गेला.

इथे बाईंचा पक्ष घेण्याचा मोह वाचकाला होईल. मला त्या गच्चीवर क्षणभर झाला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फाटकाशी खेळणाऱ्या पोरांचा चेंडू विळ्याने चिरून परत दिला, आणि माझा मोह संपला.

त्यानंतर डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी त्यांना कलबुर्गीला जावे लागले. सोबत सचिन गेला, कारण दुसरे कोणी नव्हते. बाईंना दवाखान्यात ठेवून तो परत आला तेव्हा फाटकाची किल्ली त्याच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी खांद्याला अडकवून चालवायची पेट्रोलची कटरे घेऊन दोन माणसे आली. माधवराव स्वतः उभा होता. पिवळ्या गवताचा धुरळा आमच्या खिडक्यांत येत राहिला. दुपारपर्यंत अंगण न्हाव्याने डोके करावे तसे झाले. मधून काळी माती दिसू लागली. मांडववाल्यांनी खुंट्या ठोकल्या. माझी पत्नी स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाली, "बरं झालं. कुणीतरी पलीकडचीला भेटलं."

त्यांचा हिशेब असा होता की बाई साखरपुडा उरकल्यावर येतील. बाई ऐन साखरपुड्याच्या दिवशी आल्या. कलबुर्गीची बस, पुढे रिक्षा. डोळ्यांवर दवाखान्याचा काळा मोठा चष्मा. वर आणि वधू खुर्च्यांवर बसलेले, लातूरचे पाहुणे सरबत घेत असलेले, सनईची ध्वनिफीत लागलेली. फाटकात रिक्षा थांबली आणि सनई कुणीतरी बंद केली. मला आठवते, त्या शांततेत छायाचित्रकार तेवढा एकटा पुढे सरकत होता. त्याला वाटले, मोठे मानाचे पाहुणे आले.

बाईंनी चपला फाटकातच काढल्या आणि त्या खुरट्या बुडख्यांवरून अनवाणी, सावकाश, मधोमध चालत आल्या. माधवराव धावत सामोरा गेला. "अक्का, रागावू नको. परत उगवतंय की. हरळी कवा मरतीया?"

"मरत न्हाई, ते मला म्हाईत हाय," बाई म्हणाल्या आणि पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसल्या.

सर्वांनी श्वास सोडला. विधी पुढे सुरू झाले. शेवटी नवरी मुलगी मोठ्यांच्या पाया पडत पडत त्यांच्यापाशी आली. नवऱ्या मुलाची आत्या म्हणून बाईंनी तिला कुंकू लावायचे होते. त्यांनी लावले, नीट, गोल लावले. मग तिची हनुवटी वर करून विचारले, "तुला भाऊ हाय?"

"हो, आत्या. तो काय," मुलगी लाजून म्हणाली.

"बरं. लगीन झालं की तुझा बाप एक कागद आनील. हक्कसोडाचा. सही करू नकोस."

हे त्या कुजबुजल्या नाहीत. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता तो. मुलगी गोंधळून "बरं" म्हणाली. तिच्या बापाने तिच्याकडे पाहिले, भावाने बापाकडे पाहिले, आणि लातूरच्या पाहुण्यांमध्ये जे काही सुरळीत होते ते तेवढ्या एका शब्दाने विस्कटले. जेवणे झाली, पण कुणी आग्रह करीत नव्हते. बाई केव्हाच आत जाऊन दार लावून बसल्या होत्या. लग्न मात्र झाले. ठरल्यापेक्षा थोडे उशिरा, आणि बाईंना पत्रिका न देता.

यानंतरची गोष्ट कुणाच्याच बाजूने नाही. गवत आले. होळीच्या आधीच आले, आणि असे आले की तसे ते कोणत्याही वर्षी आले नव्हते: दाट, मऊ, डोळ्यांना गार वाटेल असे. समोरचे अभियंते फाटकाशी आले आणि म्हणाले, "पाहा बाई, मी सांगत होतो. लवकर कापल्याचा फायदा झाला." त्यांच्या मनात कुचेष्टा नव्हती, ते खरेच आनंदले होते. बाई गवताकडे पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना उत्तर सुचले नाही असे मी प्रथमच पाहिले. त्या दिवसापासून त्यांनी त्या गवताला पाणी घालणे बंद केले.

पाडव्याच्या सकाळी हाक आली. "ओ सर! या."

वायर धरायची या समजुतीने मी गेलो. मशीन बाहेर नव्हते. बाईंच्या हातात कुदळ होती आणि अंगणाचा एक कोपरा त्यांनी उकरला होता. पांढऱ्या, गाठीगाठीच्या मुळ्या ओढून काढून त्या एका ओल्या पोत्यात भरीत होत्या. मशीन कधी काढायचे, असे मी विचारले. "पोतं धरा," त्या म्हणाल्या. मी धरले. पोते भरल्यावर म्हणाल्या, "संतपूरला जायचंय. तुम्ही उचला."

दोन बस बदलून आम्ही गेलो. वाटेत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या, मी पोत्याकडे. वाहकाने पोत्याला पाय लावून विचारले, "काय हाय यात, अक्का?"

"बियानं."

"कशाचं?"

"माहेरचं."

त्यापुढे काय घडले ते मी पाहिले, आणि मी पाहिले हेच बाईंना पुढे सहन झाले नसावे. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी हाक मारली नाही. पौषापर्यंत भिंतीपलीकडे त्या होत्या. मला त्यांचा खोकला ऐकू येई, नळीचा आवाज येत नसे. त्यामुळे माझ्यापुरते त्यांचे शेवटचे दर्शन संतपूरचे.

दुपार होती. सणाचे जेवून गावातले पुरुष आडवे झाले होते. गावात न शिरता बाई बांधाबांधाने भावाच्या वावरात गेल्या. सगळे रान नांगरून पडले होते, डोक्याएवढी काळी ढेकळे उन्हात तापत होती. तिथे टाकलेली मुळी दोन दिवसांत वाळून मेली असती. ते त्यांना कुणी सांगायला नको होते. त्या सरळ विहिरीकडे गेल्या. तिथे एका लहान तुकड्यात माळवे, म्हणजे घरची भाजी, लावण्यासाठी सऱ्या पाडून पाणी दिलेले होते. माती ओलसर, भुसभुशीत होती. बाईंनी पदराची ओटी केली, पोत्यातून ती भरून घेतली आणि पेरणारी बाई चालते तशा चालत मूठमूठ हरळी टाकू लागल्या. टाकली की टाचेने मातीत दाबीत होत्या. चेहरा शांत होता. मी बांधावर उभा होतो. माझ्या शिक्षणात अशा वेळी काय करावे याची काही तरतूद नव्हती.

विहिरीमागून माधवरावाची बायको आली. रुक्मिणबाई. साखरपुड्यात पाहुण्यांना पाणी देताना मी त्यांना पाहिले होते. बोलताना पाहिले नव्हते. कमरेवर घागर होती.

"वन्सं! आलाव व्हय? घराकडं कामून आला न्हाई..." आणि मग त्यांना सरी दिसली. "हे काय टाकायलाव?"

"हरळी," बाई म्हणाल्या.

"माळव्यात?"

"तुझ्या नवऱ्याच्या वावरात."

रुक्मिणबाईंनी घागर खाली ठेवली. त्या ओरडतील, कुणाला हाक मारतील, असे मला वाटले. त्यांनी तसे काही केले नाही. "ते कुठं येचतेत, वन्सं," त्या म्हणाल्या. "येचते मी."

बाईंची मूठ तशीच राहिली.

"मग नको येचू," बाई म्हणाल्या.

"न्हाई येचलं तर वावर जातंय."

"जाऊ दे. तुझं हाय का ते?"

रुक्मिणबाईंनी गावाच्या दिशेने एकदा पाहिले.  त्या खाली बसल्या, मातीत बोटे घातली आणि पहिली मुळी ओढून काढून आपल्या ओटीत टाकली. मग दुसरी. त्यांचा हात इतका सराईत होता की मुळीचा एक तुकडाही मागे राहत नव्हता.

बाई त्यांच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मला वाटले, आता त्या पोते उचलतील आणि परत फिरतील. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले, पुढची मूठ टाकली आणि टाचेने दाबली. रुक्मिणबाई बसल्या बसल्या एक पाऊल पुढे सरकल्या आणि ती काढली.  एक पुढे टाकीत जात होती आणि दुसरी मागून वेचीत येत होती, आणि दोघींच्या चालीत काडीचे अंतर वाढत नव्हते. सरी संपली तेव्हा एकीची ओटी रिकामी झाली होती आणि दुसरीची भरली होती.

बाईंनी पोते जवळ ओढले आणि पुन्हा ओटी भरून घेतली. रुक्मिणबाई तोवर पुढच्या सरीच्या तोंडाशी जाऊन बसल्या होत्या.